तीन रविवारांचा पुकारा

फादरांनी राजकारण चर्चच्या दाराबाहेर ठेवायचं ठरवलं, तेव्हा आत किती राजकारण आधीच बसलेलं आहे याचा त्यांना अंदाज नव्हता.

ठरवायला कारण बिशपसाहेब. मागच्या निवडणुकीत आधीच्या फादरांनी भर मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एका उमेदवाराचं नाव घेऊन सांगितलं होतं, की या माणसाच्या पाठीवर मला देवाचा हात दिसतो. माणूस निवडून आला. पुढे त्याचा स्वतःचा हात लोकांना बऱ्याच ठिकाणी दिसला. बिशपसाहेबांनी त्या फादरांची बदली एका बेटावर केली. तिथे मतदार नव्हते, मेंढ्या होत्या. त्यानंतर हुकूम निघाला: निवडणूक होईपर्यंत वेदीवरून कोणत्याही उमेदवाराचं नाव उच्चारायचं नाही.

नव्या फादरांना बोट लागायची. त्यामुळे त्यांनी हुकूम फार मनावर घेतला. नगराध्यक्षपदाला दोघे उभे होते. एक विद्यमान नगराध्यक्ष, ज्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुसरे दातांचे डॉक्टर. म्हणून फादरांनी प्रकाशावर प्रवचन देणं बंद केलं, कारण तो नगराध्यक्षांचा प्रचार झाला असता. दात खाण्याचा उल्लेख असलेला उतारा आला तेव्हा तो त्यांनी इतक्या घाईत वाचला, की पहिल्या बाकावरच्या आजींना वाटलं, फादरांना जेवायला उशीर होतोय. उरला एकच विषय, सहनशीलता. तो दर रविवारी चालू होता आणि लोकांच्या अंगी हळूहळू मुरतही होता.

हे सगळं ऑर्गनबाई वरून बघायची. ऑर्गन चर्चच्या मागच्या बाजूला, माळ्यावर होता. तिथून तिला माणसं फक्त टाळूवरून ओळखू येत. नगराध्यक्षांची टाळू गोल आणि तुकतुकीत होती, डॉक्टरांची अजून निर्णय न झालेली. दोघांपैकी कोण निवडून येतो याच्याशी एरवी तिला काही देणंघेणं नसतं. पण या वेळी तिची खुर्चीच धोक्यात होती.

झालं असं, की ऑर्गनच्या भात्यात हवा भरणारी मोटार जळाली. आता बाजूचा लाकडी दांडा वरखाली करून कोणालातरी भाता मारावा लागे. नगराध्यक्षांनी सुचवलं, की हे लोढणं काढून टाकू आणि बटण दाबलं की आपोआप गाणी वाजवणारी पेटी घेऊ. पेटी त्यांच्याच दुकानात होती. तिला पगार लागत नाही, सर्दी होत नाही आणि ती मधेच मान वळवून फादरांकडे रागानं बघत नाही, असं त्यांनी चर्चच्या कमिटीला पटवलं. पटवणं जड गेलं नाही. गावाचा जो नगराध्यक्ष असेल तोच चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष, ही इथली जुनी रीत होती. ती राजकारणात मोडते असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. शेवटचा निर्णय तेवढा निवडणुकीनंतरच्या बैठकीवर ठेवला होता.

म्हणजे हिशोब सरळ होता. नगराध्यक्ष परत आले, तर पेटी येणार आणि ऑर्गनबाई घरी जाणार.

एका दुपारी ती रविवारची गाणी बसवत असताना डॉक्टरांची ताई जिना चढून वर आली. ताई डॉक्टरांपेक्षा मोठी. त्यांचं घर, दवाखाना आणि आता प्रचार, सगळं तिच्याच हातात. ती धापा टाकत बाकावर टेकली.

"अगं, तुला लग्न करायचंय का?"

"कोणाशी?"

"ते नंतर. आधी करायचंय का ते सांग."

"नाही."

"छान. मग तूच हवी आहेस."

ऑर्गनबाईनं पट्ट्यांवरची बोटं उचलली.

ताईनं योजना सांगितली. फादर उमेदवाराचं नाव घेणार नाहीत. पण लग्न ठरलं, की लागोपाठ तीन रविवार वधूवरांची नावं वेदीवरून पुकारावी लागतात. हा चर्चचा कायदा, त्यापुढे बिशपसाहेबांचंही चालत नाही. तिसरा पुकारा झाला, की दुसऱ्याच दिवशी मतदान. "आमचा भाऊ बिनलग्नाचा. आजवर त्याचा काही उपयोग झाला नव्हता, आता होईल. नगराध्यक्षांचं लग्न झालेलं आहे. बसतील हात चोळत."

"आणि मतदानानंतर?"

"मोडायचं. स्वभाव जुळले नाहीत म्हणायचं. जुळणारही नाहीत, तो तोंडानं श्वास घेतो."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? उमेदवार केला तेव्हा तरी कुठे विचारलं होतं?" ताई उठली. "तो अध्यक्ष झाला, की पेटी गेली खड्ड्यात. तुला नवी मोटार. बघ बाई."

ऑर्गनबाईनं बघितलं. तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण पुकारा ती करणार नव्हती, फादर करणार होते. फादर खोटं बोलत नसत. या विचारात कुठेतरी भोक आहे हे तिला जाणवलं, पण तिनं त्यावर बोट ठेवलं नाही. हो म्हणाली.

बातमी ऐकून फादरांच्या तोंडचं पाणी पळालं. पुकारा करावा तर हुकूम मोडतो, न करावा तर कायदा. 'आपल्या गावातील एक दंतवैद्य' असं म्हणून भागेल का, हेही त्यांनी पुस्तकात पाहिलं. भागत नव्हतं. नाव घ्यावंच लागत होतं. शेवटी पहिल्या रविवारी त्यांनी, दवाखान्यात इंजेक्शनसाठी दंड पुढे करतात तसा चेहरा करून, दोघांची नावं वाचली. डॉक्टरांची टाळू अभिमानानं जराशी वर आली. नगराध्यक्षांची टाळू लाल झाली.

इथपर्यंत सगळं ताईच्या मनासारखं झालं. पण पुकाऱ्याला एक शेवटचं वाक्य असतं, ते ताईच्या हिशोबात नव्हतं. फादरांनी ते नेहमीच्या सुरात वाचलं: या विवाहात कोणाला काही अडथळा माहीत असेल, तर त्यानं तो कळवावा, ते त्याचं कर्तव्य आहे.

एरवी या वाक्याच्या वेळी लोक चपला शोधत असतात. पण इथे नाव उमेदवाराचं होतं, आणि उमेदवाराविषयी तुमची काही तक्रार आहे का, असं गावाला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तेही वेदीवरून, कर्तव्य म्हणून.

मिस्सा संपल्यावर फादरांच्या खोलीपुढे रांग लागली.

खोली माळ्याच्या बरोबर खाली होती आणि मधली फळी सैल होती. ऑर्गनबाई वह्या आवरत होती, म्हणजे बराच वेळ आवरत होती.

"माझा अडथळा असा," पहिला माणूस म्हणाला, "की त्यांनी माझी शेजारची दाढ काढली."

"हा लग्नाला अडथळा नाही," फादर म्हणाले.

"उद्या बायकोच्या बाबतीतही असंच होईल. दाखवायची एक, धरायची दुसरी."

"बायको एकच असते."

"हेच मीही दाढेच्या वेळी समजून चाललो होतो."

पुढची बाई म्हणाली, की आमच्या गल्लीतलं गटार तुंबलंय. फादर म्हणाले, गटार नगराध्यक्षांच्या हातात, डॉक्टरांच्या नाही. बाई म्हणाली, ते मला ठाऊक आहे, पण नगराध्यक्षांचं लग्न आता कुठे होतंय? अडथळा सांगायचा तर ज्याचं चाललंय त्याच्यातच सांगावा लागेल ना. फादरांनी गटार लिहून घेतलं.

पुढचा पुकारा होईपर्यंत पंचाईतीत पंचाईत झाली. आजवर भाता मारायचं काम घंटावाला करत असे. त्यानं हात वर केले. उमेदवाराच्या होणाऱ्या बायकोसाठी भाता मारला तर तो प्रचार होतो, आणि मी तटस्थ आहे, असं तो म्हणाला. तटस्थतेचा बिल्ला म्हणून त्यानं नगराध्यक्षांचं चित्र लावलं होतं. इकडे ताईनं डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं, की जा आणि तिच्याजवळ दिसत राहा. डॉक्टर माळ्यावर येऊन बाकाच्या टोकाला बसले होते. दिसण्यापलीकडे त्यांना काही काम नव्हतं.

"दांडा धरता का?" ऑर्गनबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी धरला. हात कसलेला होता. दाढांनी त्यांना जोर शिकवला होता आणि पेशंटनी बेतानं लावायला. ऑर्गनला इतकी एकसारखी हवा मोटारीनंही कधी दिली नव्हती. जाड नळ्या, ज्या गेली कित्येक वर्षं नुसत्या खोकत होत्या, त्या भरून वाजल्या. ऑर्गनबाईनं एक गाणं वाजवलं, मग गरज नसताना आणखी एक.

"दुसऱ्या कडव्यात थांबलात तुम्ही," ती म्हणाली.

"तुम्ही ओरडला नाहीत. मला वाटलं झालं."

"इथे ओरडत नाहीत, डॉक्टर. इथे मान हलवतात."

ते दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना खालच्या रांगेबद्दल सांगितलं, कारण त्यांना माहीतच नव्हतं. कोण कोण होतं तेही सांगितलं.

"ते सगळे माझे पक्के मतदार आहेत," डॉक्टर म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी खुर्चीत प्रत्येकाला विचारतो, मला मत देणार ना? आजवर एकही जण नाही म्हणालेला नाही."

"तोंडात कापूस असताना?"

डॉक्टरांचा हात थांबला. भात्यातली हवा संपली आणि ऑर्गननं एक लांब, खोल, बैलासारखा आवाज काढून मान टाकली. डॉक्टर दांडा सोडून बाकावर टेकले. मग म्हणाले, "म्हणजे मी उभा तरी कशाच्या जोरावर राहिलो?"

"ताईंच्या."

"ते खरं," डॉक्टर म्हणाले आणि दांडा परत धरला. "घ्या. तिसरं कडवं राहिलंय."

इकडे नगराध्यक्षही हात चोळत बसले नव्हते. ते आजारी पडले. आजारी माणसांची नावं घेऊन वेदीवरून त्यांच्यासाठी प्रार्थना होते, हे त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं होतं. तीच फादरांकडे आली.

"पाठ गेली हो यांची. अंथरुणाला खिळलेत. रविवारी नाव घ्या."

"पण ते उमेदवार आहेत," फादर काकुळतीला येऊन म्हणाले.

"म्हणजे नवऱ्यामुलाचं नाव चालतं आणि दुखणाऱ्याचं नाही? बिशपसाहेबांना विचारून घेऊ का?"

फादरांच्या डोळ्यांपुढे मेंढ्या आल्या. दुसऱ्या रविवारी दोन्ही नावं वाचली गेली, एक लग्नासाठी, एक पाठीसाठी. बायका हळहळल्या. पाठ कोणाची दुखत नाही? आणि प्रार्थनेला पुकाऱ्यासारखं शेवटचं वाक्य नसतं. या माणसाच्या बरं होण्याला कोणाची हरकत आहे का, असं फादर विचारत नाहीत. त्यामुळे नगराध्यक्षांच्या वाट्याला नुसती सहानुभूती आली आणि डॉक्टरांच्या वाट्याला रांग. ती आता फाटकाच्या बाहेर गेली होती. नगराध्यक्षांच्या एका कार्यकर्त्यानं तर चौकशीही केली, की मयतांची नावं आजाऱ्यांपेक्षा मोठ्यानं वाचतात का. पण तेवढी तयारी नगराध्यक्षांची नव्हती.

शेवटी फादरांनी ते केलं, जे घाबरलेला माणूस शेवटी करतो. ते नियमाला चिकटले. हरकती आल्या, की तिसऱ्या पुकाऱ्याआधी वधूवरांना वेगवेगळं बोलावून, बायबलवर हात ठेवून, शपथेवर विचारायचं असतं. त्यांनी शनिवारी सकाळी दोघांना बोलावलं.

आधी डॉक्टर आत गेले. बाहेर आले तेव्हा कानापर्यंत लाल होते. ऑर्गनबाईशी न बोलता ते थेट जिना चढून माळ्यावर गेले.

ती आत गेली. टेबलावर बायबल होतं आणि बाजूला अडथळ्यांच्या कागदांचा गठ्ठा. सगळ्यांत वर गटार होतं.

"हात ठेव," फादर म्हणाले. "या माणसाशी लग्न करायचा तुझा खरोखरचा इरादा आहे का?"

सुरुवातीला तिनं ज्या भोकावर बोट ठेवायचं टाळलं होतं, त्यातून आता वारा येत होता. नाही म्हटलं, तर उद्या पुकारा होणार नाही, गावभर छी-थू होईल, नगराध्यक्ष आरामात येतील आणि त्यांच्यामागून पेटी. हो म्हटलं, तर शपथ. शपथेला 'स्वभाव जुळले नाहीत' हे उत्तर चालत नाही.

"ते काय म्हणाले?"

"सांगता येत नाही."

"एका शब्दात?"

"एका शब्दातच म्हणाले. तरी सांगता येत नाही."

मग ती खरं तेच बोलली. "माझा इरादा ऑर्गन वाचवायचा आहे, फादर."

फादरांना धक्का बसला नाही. "या टेबलावर मी याहून वाईट कारणं ऐकली आहेत," ते म्हणाले. "एकानं उत्तरेकडच्या खिडकीसाठी लग्न केलं. ते सुखात आहेत. पण मला पुढचं सांग. समज, डॉक्टर पडले. ऑर्गन गेला, पेटी आली. मग?"

हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता. तिनं ऑर्गनशिवायचा रविवार डोळ्यांपुढे आणून बघितला. तिला वाटलं होतं, तिथे काहीच नसेल. पण तिथे डॉक्टर होते. हातात धरायला दांडा नाही म्हणून दोन्ही हात कुठे ठेवायचे हे न कळून उभे होते.

"मग त्यांना काहीतरी काम द्यावं लागेल," ती म्हणाली.

"याला मी हो समजू?"

तिचा हात अजून बायबलवरच होता. तिनं तो काढला नाही. "समजा."

तिसऱ्या रविवारी तिसरा पुकारा झाला. सोमवारी मतदान झालं. नगराध्यक्ष झोपल्या जागेवरून निवडून आले. मोजणी संपायच्या आधीच कळलं होतं, कारण दाढवाला माणूस फाटकाशी उभा राहून सगळ्यांना दात दाखवत होता, होते तेवढे.

ताईनं संध्याकाळी ऑर्गनबाईला गाठलं. ती हरली होती, पण खचली नव्हती. "चल, उद्या मोडून टाकू. मला आता नवा उमेदवार बघायला हवा."

"मोडता येत नाही. शपथ झाली."

"शपथ कोणी घ्यायला सांगितली होती तुला?" ताई पहिल्यांदाच गडबडली. "अगं, तो तोंडानं श्वास घेतो."

"भाता मारताना तसाच घ्यावा लागतो," ऑर्गनबाई म्हणाली.

पण पेटी येणारच होती. कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात, नगराध्यक्ष अध्यक्ष, निर्णय ठरलेला. ऑर्गनबाई फादरांकडे गेली आणि तिनं अगदी साधा प्रश्न विचारला. बरं झालेल्या माणसाचं नाव प्रार्थनेतून काढायचं, तर नियम काय आहे?

फादरांनी तिच्याकडे बघितलं. तीन रविवार ज्याला दोन्ही बाजूंनी कापडासारखं पिळून काढलं होतं, त्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवलं. त्याला फादरांच्या बाबतीत हसू म्हणता येत नव्हतं, पण जवळचं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांची बायको आली. "यांना आता बरं वाटतंय. बैठकीला येतील. नाव काढून टाका."

"किती आनंदाची गोष्ट," फादर म्हणाले. "कधीपासून बरं वाटतंय?"

"मंगळवारपासून."

"म्हणजे मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून. सगळ्या गावानं प्रार्थना केली आणि अंथरुणाला खिळलेला माणूस एका रात्रीत उठला." फादरांनी हात जोडले. "हा तर चमत्कार झाला."

"चमत्कार कसला, पाठच ती."

"ते आपण ठरवायचं नसतं. चमत्काराची चौकशी बिशपसाहेब स्वतः करतात. त्यांचे डॉक्टर येतील, पाठ तपासतील, आधी काय होतं, कोणी बघितलं होतं, सगळं विचारतील. शपथेवर. मी आजच कळवतो."

बाई उभ्या होत्या त्या बसल्या. म्हणाल्या, "तसं अजून पूर्ण बरं नाही वाटत."

"मग नाव राहू द्यावं?"

"राहू द्या."

तेव्हापासून नगराध्यक्ष गावाचा कारभार अंथरुणातून बघतात आणि तो पूर्वीपेक्षा वाईट चाललाय असं कोणी म्हणत नाही. गटारसुद्धा उपसलं गेलं, कारण त्यांच्या खिडकीखालूनच ते जातं हे त्यांना आता कळलं. कमिटीची बैठक मात्र चर्चच्या खोलीतच घ्यावी लागते आणि अध्यक्षाशिवाय ती भरत नाही. त्यामुळे पेटीचा विषय पुढे ढकलला आहे. पेटी दुकानाच्या काचेत आहे आणि तिच्यावर धूळ बसली आहे.

दर रविवारी फादर आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. नगराध्यक्षांचं नाव आलं, की माळ्यावरून आमेन येतं, इतकं मनापासून, की खालचे लोक मागे वळून बघतात. त्यात एक आवाज बाईचा असतो. दुसऱ्याला थोडा दम लागलेला असतो.